वरोड्याचा कोळसा आणि लोहाऱ्याचे खनिज : वायुरूप क्षपणाच्या संदर्भात विदर्भातील लोहनिर्मितीचा इतिहास

प्रास्ताविक

विदर्भाच्या औद्योगिक इतिहासात एक हकीकत वारंवार सांगितली जाते. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज होते. त्याच जिल्ह्यात वरोडा येथे दगडी कोळशाची खाण होती. नागपुरात एम्प्रेस मिल चालविणाऱ्या जमशेटजी टाटांच्या मनात या दोहोंच्या आधारे लोखंडाचा कारखाना उभारण्याचा विचार आला होता. परंतु कोळसा निकृष्ट निघाला, विचार मागे पडला आणि पुढे कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. ही हकीकत स्थूलमानाने खरी आहे. मात्र तिच्यातील 'निकृष्ट' हा शब्द इतिहासलेखकांनी फारशी चिकित्सा न करता स्वीकारला आहे. कोळसा कशासाठी निकृष्ट होता, हा प्रश्न विचारला जात नाही. तो विचारायचा झाल्यास भट्टीच्या आत खनिजाचे लोखंड नेमके कसे होते, याकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात लोहखनिजाच्या वायुरूप क्षपणाची प्रक्रिया ध्यानात घेऊन विदर्भातील लोहनिर्मितीच्या काही टप्प्यांचा विचार केला आहे. रसायनशास्त्र हा ज्यांचा विषय नाही अशा प्राध्यापक वाचकांसाठी त्या प्रक्रियेची ओळख आधी करून देणे सोयीचे होईल.

भट्टीत काय घडते ?

लोखंड निसर्गात प्रायः प्राणवायूशी संयोग पावलेल्या स्थितीत सापडते. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने ७० टक्के लोह व ३० टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे एक किलो लोखंड मिळविण्यासाठी खनिजातून सुमारे ४३० ग्रॅम ऑक्सिजन बाहेर काढावा लागतो. ऑक्सिजन काढून घेण्याच्या या क्रियेस क्षपण असे म्हणतात. कोळसा व खनिज एकत्र तापविले की कोळसा खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शालेय पुस्तकांतील सुटसुटीत समीकरणांमुळे ती दृढ झाली असावी. प्रत्यक्षात दोन घन पदार्थांचे खडे एकमेकांना केवळ काही बिंदूंवर स्पर्श करतात. तेवढ्या स्पर्शातून खड्याच्या गाभ्यापर्यंत क्षपण पोहोचणे जवळजवळ अशक्य असते. खनिजाच्या बारीक छिद्रांतून आत शिरते तो वायू.

हा वायू म्हणजे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड. भात्याची हवा तप्त कोळशावर आदळली की प्रथम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर जाताना पुन्हा तप्त कोळशाच्या संपर्कात येतो आणि त्याच्या एका रेणूपासून कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. हा वायू खनिजातील ऑक्सिजन घेऊन पुन्हा कार्बन डायऑक्साइड बनतो. भोवती पुरेसा तप्त कोळसा असेल तर त्याचे परत कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते व चक्र चालू राहते. कोळशाची कामे अशा रीतीने तीन ठरतात : उष्णता देणे, क्षपणकारी वायू पुरविणे आणि उंच भट्टीत वरचा भार पेलून वायूला वाट मोकळी ठेवणे. यांतील तिसऱ्या कामाचा उल्लेख इतिहासग्रंथांत क्वचितच येतो. वरोड्याचे प्रकरण मात्र त्याच ठिकाणी अडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

क्षपणही एका झटक्यात होत नाही. हेमॅटाइटचे प्रथम मॅग्नेटाइट होते, मॅग्नेटाइटचे वुस्टाइट आणि वुस्टाइटचे लोखंड. (सुमारे ५७० अंश सेल्सिअसच्या खाली वुस्टाइट स्थिर राहत नाही, तेथे मॅग्नेटाइटचे थेट लोखंड होते.) पहिल्या पायरीस अगदी क्षीण वायूही पुरतो. शेवटची पायरी मात्र हट्टी आहे. ९०० अंशांच्या आसपास वुस्टाइटचे लोखंड व्हावयाचे असेल तर कार्बनच्या दोन ऑक्साइडांच्या मिश्रणात कार्बन मोनॉक्साइडचा वाटा दोन-तृतीयांशाहून अधिक असावा लागतो. तो त्याखाली गेला की विक्रिया थांबते. इतकेच नव्हे, तर तयार झालेले लोखंड उलट पुन्हा ऑक्साइड होऊ लागते. म्हणून भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत न वापरलेला कार्बन मोनॉक्साइड बराच शिल्लक राहतो.

ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांना मोठी उधळपट्टी वाटे. वायूला खनिजाच्या सहवासात पुरेसा वेळ मिळत नाही, असा समज करून घेऊन त्यांनी भट्ट्यांची उंची वाढविली. इंग्लंडच्या क्लीव्हलँड भागात भट्ट्या ८० फुटांपर्यंत, काही त्याहूनही उंच गेल्या. परंतु एका मर्यादेनंतर उंची वाढवूनही वायूतील शिल्लक कमी होईना. लोदियन बेल या इंग्रज कारखानदार-रसायनज्ञाने १८७२ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा प्रयोगपूर्वक विचार केला. १८८८ मध्ये ल शातलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने हेच उदाहरण रासायनिक समतोलाच्या स्पष्टीकरणासाठी वापरले : शिल्लक वायू हा भट्टीच्या बांधणीचा दोष नसून समतोलाचा परिणाम होय. या समतोलाचा आलेख बाउर व ग्लेस्नर यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. ही वर्षे लक्षात ठेवावीत, कारण चांदा जिल्ह्यातील घडामोडी याच काळातील आहेत.

नायकुंडची भट्टी

तत्पूर्वी बऱ्याच मागे जाणे भाग आहे. नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंड येथे शं. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले. महापाषाणयुगीन वसाहतीत त्यांना लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. भट्टी वर्तुळाकार होती, वक्र विटांनी बांधलेली होती आणि तिचा व्यास अवघा ३० सेंटिमीटरच्या आसपास होता. भोवती धातुमळी व भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्याही होत्या. तिचा काळ इ.स.पूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. माहूरझरी, टाकळघाट-खापा येथील शिलावर्तुळांत सापडलेल्या लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर व घोड्यांच्या साजामागे स्थानिक उत्पादन होते, हे या भट्टीने प्रत्यक्ष पुराव्यानिशी दाखविले.

लोखंड १५३५ अंशांच्या आसपास वितळते. नायकुंडसारख्या भट्टीत ते तापमान गाठणे शक्य नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. क्षपण घन स्थितीतच होते. खनिज आकाराने खडाच राहते, फक्त त्यातील ऑक्सिजन निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड मागे उरते. खनिजातील वाळू व काही लोह ऑक्साइड मिळून सुमारे १२०० अंशांवर मळी वितळते व निथळते. उरलेला गोळा ऐरणीवर ठोकून घट्ट करावयाचा असतो.

यातील कौशल्य वायूवर ताबा ठेवण्यात होते. भाता फार जोराने चालला, कोळसा कमी पडला, तर वायू क्षीण होतो. वुस्टाइटचे लोखंड होत नाही आणि ते वाळूशी संयोग पावून मळीत वाहून जाते. उलट कोळसा फार व तापमान अधिक झाले तर लोखंडात कार्बन विरघळतो, ते ठिसूळ होते आणि घणाखाली तडकते. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे. तापमापक नाही, वायूचे पृथक्करण नाही. भात्याचा ताल, खनिज व कोळसा यांचे प्रमाण आणि भट्टीच्या तोंडावरची निळसर ज्योत एवढीच साधने हाताशी असू शकत होती. ती ज्योत म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइड. ज्या वायूचे नाव माहीत नव्हते, त्यावर नियंत्रण ठेवण्याची विद्या पेंचच्या काठी अवगत होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ही विद्या दीर्घकाळ टिकली. चांदा जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकातही लोणारी कोळशावर चालणाऱ्या छोट्या भट्ट्या होत्या. तत्कालीन मध्य प्रांताच्या मंडला, बालाघाट, बिलासपूर या भागांतील अगरिया समाजावर व्हेरियर एल्विन यांनी लिहिलेला ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. या भट्ट्या लहान होत्या म्हणून त्यांना मागास ठरविण्याचा प्रघात आहे. परंतु लोणारी कोळसा ठिसूळ असतो व उंच भट्टीत वरच्या भाराखाली त्याचा चुरा होतो. भट्टी लहान ठेवणे ही त्या कोळशाशी जुळवून घेतलेली योजना होती.

वरोडा व लोहारा

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोहोद्योगाच्या आर्थिक शक्यतांविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिजाची त्यात प्रशंसा होती. वरोड्याची सरकारी खाण त्या वेळी चालू होती आणि वर्ध्याहून तेथपर्यंत रेल्वेमार्गही झाला होता. टाटांनी कोळशाचे नमुने परीक्षणासाठी जर्मनीस पाठविले. निर्णय प्रतिकूल आला. त्यात खाणीच्या पट्ट्यांविषयीच्या तत्कालीन सरकारी नियमांची भर पडली, आणि बेत तहकूब झाला.

वरोड्याच्या कोळशात ओलावा अधिक, राखही बरीच. हे दोष खरेच होते. ओलावा उडविण्यात उष्णता खर्ची पडते आणि राख मळी वाढविते. तथापि निर्णायक दोष वेगळा होता. या कोळशाचा कोक होत नाही. काही जातींचे कोळसे हवाबंद तापविले असता प्रथम मऊ होतात व मग फुगून कठीण, सच्छिद्र कोकमध्ये परिणत होतात. वर्धा खोऱ्यातील कोळसा तसा मऊ होत नाही. तापविला की तडकतो, भुगा होतो. आता झोतभट्टीचा विचार करावा. वीस-बावीस मीटर उंचीचा खनिज, चुनखडी व कोळशाचा स्तंभ, खालून दाबाने येणारी हवा, आणि त्या स्तंभातून वर जाणारा वायू. खनिज व चुनखडी खालच्या भागात वितळतात. तेथे घन राहतो तो केवळ कोक, आणि त्याच्याच खड्यांमधून वायू वर व वितळलेला धातू खाली जातो. येथे भुगा साचला तर वायूची वाट बुजते. तो एखाद्या फटीतून निसटतो आणि उरलेल्या खनिजाला स्पर्शही करीत नाही. अशा भट्टीत वायूचे रसायन कितीही अनुकूल असो, क्षपण होणार नाही.

म्हणून या कोळशाची 'निकृष्टता' त्याच्या क्षपणशक्तीत नव्हती. त्यातील कार्बनही हवेशी संयोग पावून तोच कार्बन मोनॉक्साइड देतो. तो उणा पडला तो भार पेलण्याच्या कामी. जर्मन परीक्षकांचा निर्णय त्यांच्यापुढील प्रश्नास अनुसरून योग्यच होता, कारण मोठ्या प्रमाणावर लोखंड करण्याचा त्या काळी ज्ञात मार्ग म्हणजे कोकवर चालणारी झोतभट्टी. परंतु विशिष्ट यंत्राच्या अपेक्षेने ठरलेला निष्कर्ष पुढे प्रदेशाच्या निसर्गाविषयीचा निष्कर्ष म्हणून रूढ झाला. विदर्भाच्या अनुशेषाच्या चर्चेतही तो अधूनमधून डोकावतो. निसर्गानेच हात आखडता घेतला असे म्हटले की पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

पुढील घटनाक्रम सुपरिचित असल्याने थोडक्यात सांगतो. १८९९ मध्ये खाणविषयक नियम सैल झाल्यावर टाटांनी विषय पुन्हा हाती घेतला. चार्ल्स पेज पेरिन या अमेरिकन अभियंत्याने सी. एम. वेल्ड यांना पाहणीसाठी पाठविले आणि १९०३-०४ च्या सुमारास वेल्ड, दोराबजी टाटा व शापुरजी सकलातवाला यांनी चांदा जिल्हा पालथा घातला. लोहाऱ्याचे खनिज चांगले, पण साठे विखुरलेले व मोठ्या कारखान्यास अपुरे, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे केवळ कोळशानेच नव्हे, खनिजानेही साथ दिली नाही; हकीकतीच्या प्रचलित रूपात हा भाग बहुधा गळतो. हे कळविण्यासाठी दोराबजी नागपुरास आले असता, भेटीची वाट पाहताना ते समोरच्या संग्रहालयात गेले. १८६३ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला. तेथे मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा होता आणि आजच्या छत्तीसगढमधील दुर्ग भागात लोहखनिजाची खूण ठळकपणे दाखविलेली होती. त्या मागावर वेल्ड दल्ली-राजहराच्या टेकड्यांपर्यंत पोहोचले. त्या भागाची पाहणी भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाच्या प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्येच केली होती. खनिज अप्रतिम व विपुल होते. परंतु कोकयोग्य कोळसा व पाणी जवळ नव्हते. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्याच बोसांनी मयूरभंज संस्थानातील खनिजाविषयी टाटांना पत्र लिहिले. ते खनिज झरियाच्या कोकयोग्य कोळशाला जवळ होते, आणि प्रश्न सुटला. जमशेदपूरच्या भट्टीतून डिसेंबर १९११ मध्ये पहिले बीड बाहेर पडले. वरोड्याची खाण त्यापूर्वीच, १९०६ मध्ये, बंद झाली होती. दल्ली-राजहराचे खनिज १९५९ मध्ये भिलाईच्या भट्टीत पडू लागले.

कोकविना लोखंड

नायकुंडची घन-स्थितीतील क्षपणाची पद्धत झोतभट्टीच्या प्रसारानंतर कालबाह्य ठरली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती निराळ्या रूपात परतली. खनिज न वितळविता त्यातील ऑक्सिजन काढावा, उरलेले सच्छिद्र लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून पोलाद करावे, असा हा मार्ग. या लोखंडास स्पंज आयर्न म्हणतात. भारतातील पहिला असा कारखाना १९८० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात पाल्वंचा येथे सुरू झाला. त्यासाठी कोळसा घेतला तो सिंगरेणीचा, अर्थात कोक न होणारा. भूशास्त्रदृष्ट्या गोदावरी खोऱ्याचा हा कोळसापट्टा वर्धा खोऱ्याच्या पट्ट्याचाच पुढील विस्तार आहे. त्यानंतरच्या दशकांत भंडारा जिल्ह्यात वरठी येथे आणि वर्धा खोऱ्याच्या कोळसा क्षेत्रातच असलेल्या घुग्घुस येथे कोळशावर आधारित स्पंज आयर्नचे कारखाने उभे राहिले. घुग्घुसच्या कारखान्याचे मालक, लॉईड्स मेटल्स, यांना गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड येथील खनिजाचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला.

या कारखान्यांत आडवी, किंचित उतरती, सावकाश फिरणारी लांब नळकांड्यासारखी भट्टी असते. खनिज व कोळसा तीतून एकत्र पुढे सरकतात आणि तापमान १००० ते १०५० अंशांच्या आसपास राखले जाते. कोळशाच्या खड्यांभोवती कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, शेजारच्या खनिजात शिरतो, कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो आणि लगतच्या कोळशावर पुन्हा मोनॉक्साइड होतो. उंच स्तंभ नसल्याने भार पेलण्याचा प्रश्नच येथे उरत नाही. उलट कोक होणारा कोळसा येथे त्रासदायक असतो, कारण मऊ होणारे खडे खनिजाला चिकटतात आणि भट्टीच्या आतून कडी धरते. कोक न होणारे, बाष्पद्रव्य अधिक असलेले कोळसे कार्बन डायऑक्साइडशी सामान्यतः अधिक तत्परतेने विक्रिया पावतात, आणि या भट्टीला तीच तत्परता हवी असते. १८८२ च्या परीक्षणात जो गुण उणा ठरला, तो नसणे हीच येथे पात्रता झाली.

याचा अर्थ १८८२ मध्ये वरोड्यास कारखाना निघू शकला असता, असा मात्र नाही. फिरती भट्टी या कामासाठी त्या वेळी सिद्ध झालेली नव्हती, आणि स्पंज आयर्न वितळविणारी विजेची भट्टीही नव्हती. शिवाय राखेचा दोष या पद्धतीतही राहतोच. देशातील अनेक कारखाने त्यामुळे कमी राखेचा आयात कोळसा मिसळतात. धुळीचा व धुराचा प्रश्न तर चंद्रपूर परिसरातील रहिवाशांना सांगावयास नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये गंभीर प्रदूषित म्हणून निश्चित केलेल्या औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचा समावेश होता. औष्णिक विद्युत केंद्र, खाणी, सिमेंट व लोखंड यांचा त्यात कोणाचा किती वाटा, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

कोकणातील वायू

क्षपण वायूच करतो, तर कोळसा भट्टीत घालावाच कशाला, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मिळते. १९९० च्या दशकात साळाव व डोलवी येथे नैसर्गिक वायूवर चालणारे कारखाने सुरू झाले. साळावची पद्धत मेक्सिकोत विकसित झालेली, डोलवीची अमेरिकेत. दोहोंत नैसर्गिक वायूपासून भट्टीबाहेरच कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण तयार करून ते उभ्या भट्टीत खनिजातून सोडले जाते. हायड्रोजनही खनिजातील ऑक्सिजन घेतो व त्याची वाफ होते. सुमारे ८२० अंशांखाली कार्बन मोनॉक्साइड अधिक प्रभावी क्षपणक ठरतो, त्याच्या वर हायड्रोजन. मात्र हायड्रोजनची विक्रिया उष्णता शोषून घेते, म्हणून वायू पुरेसा तापवून सोडावा लागतो. नैसर्गिक वायूचा पुरवठा पुढे अपुरा व महाग झाल्यावर डोलवी येथे कोक-भट्ट्यांतून निघणारा, हायड्रोजनयुक्त वायूही क्षपणासाठी वापरण्यात आला.

केवळ हायड्रोजनने क्षपण करण्याचा प्रायोगिक कारखाना स्वीडनमधील लुलेओ येथे २०२० मध्ये सुरू झाला आणि पुढील वर्षी त्या लोखंडाचे पोलाद तयार झाले. त्या भट्टीत बाहेर पडते ती पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड नव्हे. विदर्भात तशी भट्टी उभारावयाची झाल्यास कोळसा कोक होतो की नाही हा प्रश्न अप्रस्तुत ठरेल. त्याऐवजी हायड्रोजनसाठी लागणारी वीज कशापासून निर्माण होते आणि पाणी वर्धा-वैनगंगेतून किती घ्यावयाचे, हे विचारावे लागेल.